अकरा चाळीसची अपॉइंटमेंट

बर्मिंगहॅमच्या घरात राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात मला कुंपणापलीकडे माठ दिसला. हिरवा माठ, चांगला गुडघ्याएवढा वाढलेला. मी नवऱ्याला म्हटलं, शेजारी आपल्याकडचंच कोणीतरी असणार. दुसऱ्या दिवशी बघते तर एक सत्तरीच्या बाई वाफ्यात वाकून पानं खुडत होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायांत रबरी बूट. त्या जमैकाच्या होत्या. तिथे या भाजीला कॅललू म्हणतात, आणि कांदा, थाइम आणि एक अख्खी तिखट मिरची घालून ती शिजवतात, असं त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं. मी म्हटलं, आम्ही लसूण आणि सुकी मिरची फोडणीत टाकतो.

"मग उद्या तू तुझी आण, मी माझी देते," त्या म्हणाल्या.

त्यांना मी आंटी म्हणायला लागले. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी राहायची. ती शहरातली बस चालवायची. वयानं माझ्याएवढीच, तेव्हा अडतीस पूर्ण. माझी शेजारीण म्हणून मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती हीच.

आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच होती. तिच्याकडे रेडिओ लागला की आमच्याकडे ऐकू यायचा, माझा कुकर किती शिट्ट्या देतो हे तिला ठाऊक असायचं. रविवारी सकाळी ती मागच्या पायरीवर बसून डोक्याला तेल लावायची, भांग पाडून, एकेक बट वेगळी करून. मीही त्याच दिवशी माझ्या लेकीला समोर बसवून तिच्या केसांना तेल चोळायचे. एकदा लेक माझ्या हातून सुटली आणि तिच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारणीनं लेकीच्या केसांच्या सहा बारीक वेण्या घालून दिल्या. लेक आठवडाभर त्या सोडू देईना. त्यानंतर किती तरी रविवार आम्ही दोघी पायऱ्यांवर चहा घेत बसलो. तिला मूल हवं होतं. एक मित्र होता, लग्नाचं ठरत होतं. "चाळिशीच्या आत झालं तर बरं," ती एकदा म्हणाली, आणि माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मी तेव्हा आमच्याच भागातल्या सर्जरीत रिसेप्शनला होते. इथे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. नागपूरला मी बँकेत होते, पण इथे आल्यावर जे मिळालं ते घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. सकाळी आठला फोन सुरू व्हायचे आणि साडेआठपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या वेळा भरून जायच्या. उरलेल्यांना दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख. मात्र रोज एक वेळ आम्ही राखून ठेवायचो, सकाळी अकरा चाळीसची. खरोखर कोणाला तातडीनं दाखवायची गरज असेल तर ती द्यायची. द्यायची की नाही हे काउंटरवर बसलेल्या माणसानं ठरवायचं. म्हणजे बहुतेक दिवशी मी.

माझी शेजारीण पहिल्यांदा आली ती पाळीच्या तक्रारीसाठी. रक्तस्राव फार होतो, थकवा येतो. तिला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ती परत आली, पोटात दुखतं म्हणून. त्या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा मी काउंटरवरून भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाले? तिनं खांदे उडवले आणि हसली. मीही हसले. मला वाटलं, चला, फार काही नाही.

तिसऱ्यांदा आली तो नोव्हेंबरमधला एक मंगळवार होता. ती पहाटेची ड्युटी संपवून तशीच गणवेशात आली होती. काउंटरची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. हे मला आता आठवतं. तेव्हा ते दिसलं होतं, पण दिसलं म्हणजे बघितलं असं नाही.

"आज कोणाला तरी दाखवायलाच हवं," ती म्हणाली. "काल गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी गाडी बाजूला घेतली म्हणून ठीक."

"दुखतंय किती? एक ते दहामध्ये सांग."

"सात," ती म्हणाली, आणि तेवढ्यातही हसली.

माझ्यासमोरच्या स्क्रीनवर अकरा चाळीस रिकामी होती. मी तिच्याकडे पाहिलं. उंच, रुंद खांद्यांची, दोन मजली बस वळवणारी बाई. बर्फात आमच्या दारातला रस्ता फावड्यानं मोकळा करून देणारी. माझ्या मनात जे आलं ते मी इथे आहे तसं लिहिते, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, हिला काय धाड भरलीय, ही दोन दिवस काढेल. ती वेळ म्हाताऱ्या माणसासाठी, तान्ह्या बाळासाठी ठेवावी.

"आज सगळं भरलंय गं," मी म्हटलं. "गुरुवारी सकाळी आठला फोन कर. मी पहिला नंबर तुझा लावते."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही.

वीसेक मिनिटांनी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक वहिनी आल्या. त्यांच्या यजमानांनी आम्हाला इथे आल्यावर पहिले तीन आठवडे घरात ठेवून घेतलं होतं, तेव्हापासूनचा घरोबा. वहिनींना दहा दिवस खोकला होता. शनिवारी त्यांच्याकडे पुण्याहून पाहुणे यायचे होते.

"बघ ना काही जमतंय का," त्या मराठीत हळूच म्हणाल्या. "नाहीतर पाहुण्यांसमोर खोक खोक करत बसेन मी."

"वहिनी, तुम्हाला मी नाही म्हणेन का?" मी म्हटलं. पाहुण्यांत त्यांच्या सासूबाईही होत्या, त्यावरून काहीतरी थट्टा झाली आणि आम्ही दोघी हसलो. मी अकरा चाळीसमध्ये त्यांचं नाव टाइप केलं. वहिनी आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर आल्या. गरम पाणी प्या, आठवडाभरात जाईल, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझी शेजारीण डेपोत कोसळली. बसमध्ये चढायच्या आधी. देवाची कृपाच म्हणायची, कारण पंधरा मिनिटांनी तिच्या गाडीत शाळेची मुलं असती. ॲम्ब्युलन्सनं तिला मोठ्या हॉस्पिटलला नेलं. अंगात रक्त इतकं कमी होतं की ही बाई चालत-बोलत कशी होती याचंच तिथल्या डॉक्टरांना नवल वाटलं. गर्भाशयात गाठी होत्या, एक तर मोसंबीएवढी. बाहेरून रक्त चढवत होते तरी आतला स्राव थांबत नव्हता. शेवटी पिशवी काढावी लागली.

हे मला आंटींनी कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिनं तुमच्या सर्जरीत दाखवलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "दाखवलं होतं."

एवढंच. त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याच वेळी नाही, तर ती घरी आली तेव्हा. ती घरी आल्यावर मी मऊ खिचडी आणि कढी घेऊन गेले. ती सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. तिनं चार घास खाल्ले, थँक्यू म्हणाली. मी उशा नीट केल्या, फुलदाणीतलं पाणी बदललं, आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि पिठलं नेलं. जवळजवळ महिनाभर मी रोज काहीतरी नेत होते. माझा नवरा म्हणायचा, किती करतेस तू तिच्यासाठी. आंटी म्हणायच्या, देव तुझं भलं करो. मी ते ऐकून घ्यायचे.

स्वतःला सांगायला माझ्याकडे पुष्कळ गोष्टी होत्या. तपासणीचा निर्णय डॉक्टरांचा, माझा नाही. एका दिवसानं काय फरक पडला असता. पिशवी कदाचित तरीही काढावीच लागली असती. हे शेवटचं खरंही असेल. मी नंतर आमच्या एका डॉक्टरांना आडून आडून विचारलं, त्या म्हणाल्या, आता कोणी सांगू शकणार नाही. मंगळवारी रक्त तपासलं असतं तर तिला त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं असतं, एवढं मात्र नक्की. पुढचं कोणाला माहीत. त्या 'कोणाला माहीत'च्या आडोशाला मी दीड वर्ष राहिले.

एक गोष्ट मला राहून राहून छळायची. आपल्या भाषेत आजारी माणूस पांढराफटक पडतो. चेहरा पिवळा दिसतो, ओठ फिके पडतात. वहिनींचं नाक लाल झालेलं मला लगेच दिसलं होतं. माझ्या शेजारणीच्या अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं आणि ती माझ्यासमोर काउंटर धरून उभी होती, पण ती पांढरीफटक कशी पडणार? तिचा आजार बघायला माझ्याकडे शब्दच नव्हता. आणि मी स्वतः आमच्या घरातली सगळ्यात सावळी मुलगी. माझ्यासाठी स्थळं बघताना वडिलांनी 'गव्हाळ' लिहिलं होतं, आणि बघायला आलेल्यांनी ट्यूबलाइट लावायला सांगितला होता. रंगावरून माणूस तोलला जातो तेव्हा कसं वाटतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही.

घरी आल्यावर ती खूप गप्प झाली. शरीर भरून आलं, पण ती कामावर जाईना. लग्नाचं ठरत होतं तो मित्र आधी आठवड्यानं यायचा, मग महिन्यानं, मग यायचा बंद झाला. रविवारी पायरीवर ती दिसत नसे. केस तिनं अगदी बारीक कापून टाकले होते.

फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. आंटी भांडी पुसत होत्या, माझी शेजारीण समोर बसली होती. हॉस्पिटलच्या तपासणीत तिला विचारलं होतं, घरात कोणाला असा त्रास होता का, आणि तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. ते ती सहज बोलून गेली. आंटींचा हात थांबला.

"मला होता," त्या म्हणाल्या.

त्या अठरा वर्षांच्या असताना इथे आल्या होत्या आणि चाळीस वर्षं हॉस्पिटलांत नर्स होत्या. त्यांनी सांगितलं, वॉर्डवर बारा बारा तास उभं राहताना त्या दोन दोन पॅड लावायच्या, वर गडद रंगाचा पेटीकोट. एकदा चक्कर आली तेव्हा वॉर्डच्या मुख्य बाई म्हणाल्या, तुम्ही मुली तर दणकट असता, तुम्हाला काय झालं? त्यानंतर त्यांनी कधी सांगितलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्यांचीही पिशवी काढली. मुलीला सांगितलं होतं, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे.

"ममा, तू मला हे का नाही सांगितलंस?"

"माझ्या आईनं मला सांगितलं नव्हतं," आंटी म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी बोलायचं नाही. आम्ही नुसती कापडं धुतली."

माझी शेजारीण उठली आणि मागच्या दारातून बाहेर गेली. बराच वेळ ती थंडीत तशीच उभी होती. आंटी मला म्हणाल्या, "मला वाटायचं, सहन करायला शिकवलं की मी तिला मोठं काहीतरी दिलं."  माझीही आई असंच म्हणायची, बाईच्या जातीनं दुखणं चारचौघांत काढू नये. पण मला त्या क्षणी आईची नाही, माझ्या स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या चौकोनाची आठवण येत होती. आताच सांग, असं मनात आलं. मग वाटलं, आज त्या दोघींचा दिवस आहे, माझं कशाला मध्ये. सोयीची कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

त्या दिवसानंतर काहीतरी हललं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी काही कृष्णवर्णीय बायका जमायच्या. तिच्या डेपोतल्या एकीनं तिला तिकडे नेलं. सुरुवातीला ती नुसती बसून यायची. मग हळूहळू मला सांगायला लागली. त्यांनी एका लांबलचक खाकी कागदावर आपापल्या घरातल्या बायका लिहायला घेतल्या होत्या. आई, आजी, पणजी, जितकं आठवेल तितकं मागे. प्रत्येकीखाली तिनं काय काम केलं, काय रांधायची, कशानं आजारी पडली आणि बरं वाटायला काय करायची. माझ्या शेजारणीनं आजीच्या नावाखाली लिहिलं होतं, आल्याचा काढा, शनिवारचं सूप, आणि ओढ्याकाठी एकटीनं बसणं. ते शेवटचं तिला आंटींनी सांगितलं होतं. कोणी काही विचारलं की आजी म्हणायची, मी पाण्याकडे चाललेय. मग माझी शेजारीणही कॅनॉलच्या कडेनं रोज तासभर चालायला लागली. आंटीही कधी कधी काठी घेऊन सोबत निघायच्या. चालता चालता दोघी बोलायच्या. आयुष्यात पहिल्यांदा बोलतोय, असं ती मला म्हणाली होती. उन्हाळ्यात ती कामावर रुजू झाली. आधी आठवड्याचे तीन दिवस, मग पूर्ण.

त्याच्या पुढच्या वसंतात ती एका संध्याकाळी माझ्या दाराशी आली.

"एक काम आहे तुझ्याकडे," ती म्हणाली. "आमच्या ग्रुपमध्ये येशील का एका शनिवारी? बायकांना विचारायचंय, काउंटरवर नेमकं काय बोललं की तुम्ही लोक ऐकता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या शनिवारी दहा-बाराजणी होत्या. टेबलावर केक होता, थर्मासमध्ये चहा. मी दोन पानी टिपण करून नेलं होतं. कोणते शब्द वापरावेत, तारखा लिहून आणाव्यात, किती पॅड लागतात ते मोजून सांगावं. मी ते वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक वयस्क बाई बोलल्या. त्या शाळेत स्वयंपाकी होत्या.

"मी डॉक्टरकडे जाताना माझा चांगला कोट घालते," त्या म्हणाल्या. "लिपस्टिक लावते. नाहीतर तुम्ही लोक मला वेडगळ समजाल. आणि मग आत डॉक्टर म्हणतात, तुम्ही तर छान दिसताय. मी करू काय, सांग मला."

दुसरी म्हणाली, "रडलं तर नाटकी. आवाज चढवला तर अंगावर येते म्हणतात. हसत सांगितलं तर एवढं काही दुखत नसणार."

"किती दुखतं विचारलं की मी दोन आकडे कमी करूनच सांगते," तिसरी म्हणाली. "आईनं तसंच शिकवलंय. नऊ असेल तर सात."

मी माझ्या शेजारणीकडे पाहिलं. ती केकचे तुकडे करत होती. तिनं मान वर केली नाही.

मी टिपणाचे कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. त्यानंतर तासभर मी फक्त ऐकलं. त्या बायका माझ्यावर चिडल्या नव्हत्या. निघताना त्या कोटवाल्या बाईंनी मला केकचा तुकडा बांधून दिला आणि पुन्हा ये म्हणाल्या.

परतताना तिच्या गाडीत आम्ही दोघीच होतो. घरासमोर तिनं गाडी उभी केली, पण मला दार उघडवेना.

"त्या मंगळवारी अकरा चाळीसची वेळ रिकामी होती," मी म्हटलं. "तू आलीस तेव्हा. मी तुला सगळं भरलंय म्हणाले, ते खोटं होतं. नंतर ती मी माझ्या ओळखीच्या बाईंना दिली. त्यांना खोकला झाला होता."

तिचे हात स्टीअरिंगवरच होते.

"मला माहितीये," ती म्हणाली.

तिनं इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी माझ्या पायांत बळ नव्हतं. घरी जाण्याआधी मी तिथेच, काउंटरजवळच्या खांबामागच्या खुर्चीवर बसले होते. ती बाई आली. तुम्ही तुमच्या भाषेत बोललात. भाषा मला कळली नाही, पण तुझं हसणं मी भिंतीपलीकडून रोज ऐकते. मग तिचं नाव पुकारलं."

"मग तू कधीच काही का बोलली नाहीस?"

"मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस त्याची," ती म्हणाली. "तू खिचडी आणत होतीस."

मी सॉरी म्हटलं. एकदा नाही, पुष्कळदा. मला रडू कोसळलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "तुला बरं वाटावं म्हणून मी आता काही बोलणार नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून बोलायचं, हसायचं, हे काम मी जन्मभर केलं. आता सोडलंय. मी तुझा राग राग करत नाही. पण हे तुझं तू घरी घेऊन जा."

मी उतरले. ती तशीच गाडीत बसून राहिली.

सोमवारी मी सर्जरीच्या मॅनेजरला सगळं सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. राखीव वेळ कोणाला आणि का दिली, हे कारणासह लिहायचा नियम झाला. अंधारी, छातीत दुखणं, जास्त रक्तस्राव असं कोणी म्हटलं की काउंटरवरच्या माणसानं स्वतः ठरवायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं, हेही ठरलं. चांगलं झालं, पण दीड वर्ष उशिरा. आणि मी न सांगता हे झालं असतं का, तर नसतं. त्या दीड वर्षात त्या काउंटरवर आणखी कोण कोण हसत सात म्हणाली असेल, आणि मी तिला गुरुवारी फोन करायला सांगितलं असेल, हे मला आठवत नाही. आठवत नाही याचंच जास्त वाईट वाटतं.

लेकीलाही सांगितलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि रविवारी अजूनही कधी कधी त्यांच्याकडे जायची. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी तसंच. "आई, तुझा चूक होता तर तू तेव्हाच का नाही सांगितला?" तिनं विचारलं. मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. 

आमच्यात भांडण झालं नाही. रस्त्यात दिसली की ती थांबायची, लेकीची चौकशी करायची. आंटींना तिनं सांगितलं होतं की नाही मला कळलं नाही. त्या पूर्वीसारख्याच वागायच्या, आणि म्हणून मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. रविवारचा चहा मात्र पुन्हा झाला नाही. मी बोलावलं नाही असं नाही. ती म्हणायची, बघू.

पुढच्या वर्षी आंटी थकल्या. लीड्सला तिचा भाऊ राहतो, त्याच्या घराजवळ तिनं बदली करून घेतली आणि दोघी तिकडे गेल्या. सामान भरायला मी दिवसभर मदत केली. आंटींनी जाताना माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझी शेजारीण म्हणाली, "नीट राहा." मी म्हटलं, "तूही." गाडी गेल्यावर मी त्यांच्या रिकाम्या अंगणात उगीचच झाडू मारला.

अधूनमधून मेसेज व्हायचे. वाढदिवसाला, नाताळला. आंटी गेल्या तेव्हा तिनं दोन ओळी कळवल्या, पण अंत्यविधी होऊन गेल्यावर.  आधी कळवलं असतंस तर आले असते, असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

गेल्या शरद ऋतूत माझ्या कामाचं एक प्रशिक्षण लीड्सला होतं. मी तिला विचारलं, भेटू का? तिनं एका हॉलचा पत्ता पाठवला. तिनं तिथेही एक शनिवारचा ग्रुप सुरू केला होता. मी पोहोचले तेव्हा वीसेक बायका होत्या. भिंतीवर मोठा कागद पसरलेला, त्यावर नावंच नावं. ती एका तरुण मुलीशेजारी बसून तिला काहीतरी लिहायला मदत करत होती. केस पुन्हा वाढले होते, पांढरे होऊ लागले होते. चेहऱ्यावर निवांतपणा होता. मला बघून ती उठली आणि जवळ आली. आम्ही मिठी मारली, छोटीशी.

"चहा घे," ती म्हणाली. "ट्रेन किती वाजताची आहे?"

"अजून दोन तास आहेत."

तिनं मला चहा दिला, आंटींचे शेवटचे दिवस कसे गेले ते सांगितलं. शांत गेल्या, म्हणाली. शेवटच्या आठवड्यातही गप्पा मारत होत्या, आपल्या आईबद्दल, बहिणींबद्दल, इतकी वर्षं कधी न बोललेलं सगळं. तिनं ते वहीत लिहून ठेवलं होतं. मला वाटलं ती वही दाखवेल, पण तिनं नाही दाखवली आणि मीही मागितली नाही.

मग त्या तरुण मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, या कोण?

माझी शेजारीण माझ्याकडे पाहून मुलीकडे वळली. तिच्या स्वरात कटुता नव्हती.

"बर्मिंगहॅमला असताना या आमच्या शेजारच्या घरात राहायच्या," ती म्हणाली.

मुलगी हसून हॅलो म्हणाली आणि परत लिहायला वळली. मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला. दीड तास उरला होता, तरी स्टेशनकडे निघाले.